एक शब्द : भेट, विष आणि विवाह

काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या संस्थेच्या प्रयोगशाळेतील जुने साहित्य आमच्या विद्यालयास देणगीदाखल मिळाले. लाकडी खोक्यांतून आलेल्या त्या साहित्यात तराजू, काचेच्या नळ्या, चंबू आणि जाड तपकिरी काचेच्या काही बाटल्या होत्या. खोकी उघडण्याच्या कामी वसतिगृहातील नववीचे चार-पाच विद्यार्थी मदतीस आले होते. आम्ही भाषेचे शिक्षक. प्रयोगशाळेत आमचे काही काम नव्हते. परंतु नोंदवहीत यादी लिहून घेण्याचे काम आमच्याकडे आले होते. एक विद्यार्थी एक बाटली हातात धरून म्हणाला, "सर, ही बाटली वेगळी आलेली दिसते. हिच्यावर गिफ्ट असे लिहिले आहे. ही कोणी भेट दिली ते लिहायचे का?" बाटलीवरील कागद अर्धा निघून गेला होता. उरलेल्या भागावर रोमन लिपीतील चार अक्षरे मात्र स्पष्ट होती. आम्हीही ती इंग्रजी समजूनच वाचली आणि यादीत "भेट, १ बाटली" असे लिहिलेही.

सुदैवाने विज्ञानाचे सर तेवढ्यात आले. त्यांनी बाटली विद्यार्थ्याच्या हातून अलगद घेतली, खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि सर्वांना हात धुऊन येण्यास सांगितले. बाटली जर्मनीत तयार झालेली होती. आतील पांढरी भुकटी हा पाऱ्याचा एक अत्यंत जहाल क्षार होता. कागदाचा जो भाग फाटून गेला होता, त्यावर बहुधा कवटी व हाडांची खूण असावी. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष.

यादीतील ती ओळ आम्ही खोडली. पण तो प्रकार मनातून गेला नाही. ज्या शब्दाचा अर्थ बालवाडीतील मूलही सांगेल, तोच शब्द शेजारच्या भाषेत नेमका उलटा कसा होतो? हा योगायोग, की यामागे काही कारण आहे? त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास या स्मरणिकेची संधी घेत आहोत.

प्रथम आजची स्थिती पाहू. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, तसेच एखाद्याला लाभलेली उपजत बुद्धी. जर्मनमध्ये तो शब्द केवळ विष या अर्थी उरला आहे. विषारी वनस्पती, विषारी वायू, विषारी साप, सर्वांच्या नावांत तो येतो. डच भाषेत दोन्ही अर्थ होते आणि त्यांतील भेद शब्दाआधीच्या उपपदावरून कळे. पुढे विषाच्या अर्थी शेवटचा 'त' गळून 'गिफ' असे रूप रूढ झाले आणि देणगीच्या अर्थी 'गिफ्त' राहिले. ही सोय डच लोकांनी फार शहाणपणाने केली असे म्हटले पाहिजे. स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश या तीन भाषांत तर आणखी एक तिसराच अर्थ आहे. तेथे 'गिफ्त' हे नाम असेल तर विष आणि विशेषण असेल तर विवाहित. "आपण गिफ्त आहात काय?" हा तेथे सरकारी अर्जावरचा अगदी साधा प्रश्न आहे. विवाह आणि विष यांना एकच शब्द असल्यावरून तेथील लोक विनोद करतात, हे सांगावयास नको. आइसलँडच्या भाषेत मात्र विवाहिताचा अर्थ आहे, विषाचा नाही. विषाला तेथे निराळा शब्द आहे.

लेखन एक असले तरी उच्चार एक नाही, हेही येथे नोंदवावे. जर्मन माणूस 'गिफ्ट' म्हणतो, तर स्वीडिश माणूस तीच अक्षरे 'यिफ्त' अशी वाचतो. डच उच्चारातील पहिले अक्षर आपल्या 'ख'च्या जवळ जाते.

हे सगळे शब्द वस्तुतः एकच आहेत. इंग्रजी, जर्मन, डच आणि उत्तरेकडील या भाषा एका जर्मानिक कुळातल्या बहिणी होत. त्यांच्या मूळ भाषेत 'देणे' या अर्थाचा जो धातू होता, त्यापासून इंग्रजीतील 'गिव्ह' आणि जर्मनमधील 'गेबेन' ही क्रियापदे निघाली आणि त्याच धातूपासून 'गिफ्ट' हे नाम निघाले. त्याचा मूळ अर्थ एवढाच : देण्याची क्रिया, किंवा जे दिले ते. काय दिले, कोणी दिले, कोणाला दिले, याविषयी शब्द काही बोलत नाही. प्रत्येक समाजाने ती रिकामी जागा आपल्या व्यवहाराप्रमाणे भरली.

इंग्रजीनेही ती प्रथम भेटीने भरलेली नव्हती, हे कळले तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वधूसाठी द्यावयाचे द्रव्य असा होता आणि त्याच्या अनेकवचनाचा अर्थ विवाह. वेसेक्सचा राजा इने याचे कायदे सातव्या शतकाच्या अखेरचे आहेत. वधूसाठी द्रव्य दिले आणि विवाह मात्र झाला नाही, तर ते द्रव्य परत करावे, असे त्यांतील एका कलमात सांगितले आहे. तेथे विवाहासाठी हाच शब्द योजिलेला आहे. त्या काळी इंग्रजीत त्याचा उच्चारही 'यिफ्ट' असाच होता. पुढे उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेले व्हायकिंग लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतील कठोर 'ग' हळूहळू इंग्रजांच्या तोंडी बसला. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या लेखनात अद्याप 'य' आहे. म्हणजे आपण वाढदिवसाला ज्याला इंग्रजी शब्द म्हणून 'गिफ्ट' म्हणतो, त्याचा उच्चार इंग्रजांनी बाहेरून घेतलेला आहे.

आता विवाहाचा अर्थ उलगडतो. वधू 'दिली' जात असे. स्वीडनमध्ये कन्येचा विवाह लावून देण्याचा अधिकार ज्या पुरुषाकडे असे, सामान्यतः पित्याकडे, त्यास 'यिफ्तुमान' म्हणत. १७३४ सालच्या स्वीडिश कायद्यात विवाहाविषयीचा जो स्वतंत्र खंड आहे, त्याच्या नावातही हा शब्द आहे. १९२० साली तेथे नवा विवाह कायदा झाला आणि पत्नीवरील पतीचे कायदेशीर पालकत्व संपले. तरी कायद्याचे नाव तेच राहिले. १९८७ साली मात्र नवा कायदा करताना नावातून हा शब्द गेला आणि विवाहासाठीचा दुसरा शब्द आला. पुस्तकातून गेला, बोलण्यातून गेला नाही. आजही स्वीडनमधील स्त्री आणि पुरुष दोघेही स्वतःस 'दिलेला', 'दिलेली' म्हणवून घेतात आणि त्यात कोणी कोणास दिले याचा विचार त्यांच्या मनात येत नसावा. जर्मनमध्येही हा अर्थ एका कोपऱ्यात शिल्लक आहे. वधूबरोबर जे द्यावयाचे, म्हणजे हुंडा, त्यास तेथे 'मिटगिफ्ट' म्हणतात. 'मिट' म्हणजे सह, बरोबर. ज्या भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष, त्या भाषेत हुंड्याला हा शब्द असावा, यावर आमच्या एका माजी विद्यार्थिनीने "सर, त्यांना खरे नाव सापडले" असे म्हटले होते. तिचे म्हणणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक आहे. परंतु तिला दुरुस्त करण्याची आमची इच्छा झाली नाही.

आपल्याकडे याहून वेगळे आहे असे कोणी समजू नये. "थोरली साताऱ्याला दिली, धाकटी नगरला द्यायची आहे" हे वाक्य आपण रोज ऐकतो. मुलगा कोठे 'दिला' असे मात्र कोणी म्हणत नाही. तो दिला जातो तो दत्तक, आणि 'दत्तक' या शब्दाचा अर्थही 'दिलेला' असाच आहे. बौद्ध विवाहविधीत कन्यादान नाही. वधू आणि वर दोघेही समान पायरीवर उभे राहून प्रतिज्ञा घेतात. विधी बदलला, तरी मंडपाबाहेर पडल्यावर आपल्याच लोकांच्या तोंडी "मुलगी कुठं दिली?" हा प्रश्न येतोच. १९६१ सालच्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा ठरविले. क्रियापदाला मात्र कोणता कायदा लागू करावा?

विषाचा अर्थ कसा आला, हा या कथेतील सर्वांत मनोरंजक भाग होय. त्यासाठी ग्रीसकडे जावे लागते. ग्रीक भाषेत 'देणे' या अर्थी जो धातू आहे, त्यापासून 'दोसिस' हे नाम झाले. अर्थ तोच, देणे. ग्रीक वैद्य रोग्याला एका वेळी द्यावयाच्या औषधाच्या प्रमाणास 'दोसिस' म्हणू लागले. तो शब्द लॅटिनमध्ये गेला, तेथून युरोपभर पसरला आणि आपल्याकडे 'डोस' होऊन आला. मध्ययुगातील जर्मन भाषिकांनी लॅटिन ग्रंथांतील या शब्दाला आपल्या भाषेत तंतोतंत प्रतिशब्द केला : दोसिस म्हणजे देणे, आणि देणे म्हणजे 'गिफ्ट'. म्हणून 'गिफ्ट' म्हणजे औषधाची मात्रा. आणि जे गुपचूप, हेतुपूर्वक, कोणाच्या तरी पेयात 'दिले' जाते तेही 'गिफ्ट'. विषाचे नाव उच्चारण्यापेक्षा "त्याला काहीतरी दिले" असे म्हणणे सोपे जाते. कित्येक शतके जर्मनमध्ये भेट व विष हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. अखेरीस दुसऱ्याने पहिल्याला घराबाहेर काढले आणि भेटीसाठी जर्मनांना दुसरा शब्द शोधावा लागला.

सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याचे नाव येथे घेतले पाहिजे. त्याने लॅटिनची पंडिती चौकट सोडून जर्मनमध्ये लिहिले. तो विषारी द्रव्ये औषध म्हणून देतो, अशी त्याच्यावर टीका झाली. त्या टीकेला उत्तर देताना १५३८ साली त्याने असे प्रतिपादन केले की, सर्वच वस्तू विष आहेत; एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ तिच्या मात्रेमुळे. विषशास्त्राचा पाया म्हणून हा विचार आजही शिकविला जातो. त्याच्या मूळ जर्मन वाक्यात 'गिफ्ट' आणि 'दोसिस' हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात. एक जर्मन, एक ग्रीक; दोहोंचा मूळ अर्थ एकच. तीच गोष्ट किती दिली यावर ती औषध की विष हे ठरते, हा त्याचा सिद्धांत त्या दोन शब्दांच्या पोटात आधीच होता.

विषाला आडून नाव देण्याची ही रीत एकट्या जर्मनांची नाही. इंग्रजी व फ्रेंच यांतील विषवाचक शब्द लॅटिनमधील 'पोतिओ' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ पेय एवढाच. आपल्या 'पान', 'पेय' या शब्दांतील 'पा' धातू आणि तो एकाच मुळाचे. ग्रीकांचा 'फार्माकोन' हा शब्द औषधालाही लागे आणि विषालाही. आता जर्मनांनी भेटीसाठी कोणता शब्द निवडला पाहा. तो आहे 'गेशेंक', आणि तो ज्या क्रियापदापासून आला त्याचा जुना अर्थ पेय ओतून देणे असा आहे. म्हणजे इंग्रजीत जे दिले ते भेट ठरले आणि जे प्यायला दिले ते विष. जर्मनमध्ये जे दिले ते विष ठरले आणि जे प्यायला ओतले ते भेट! दोन सख्ख्या शेजाऱ्यांनी एकाच भांडारातील दोन वस्तूंची अदलाबदल करून घेतली आहे. यात शहाणा कोण, हे आम्हांस ठरविता येत नाही. सरळ नाव ठेवले ते आपल्या पूर्वजांनी : 'विष'. लॅटिनमधील 'विरुस' हा त्याचाच भाऊबंद, मूळ अर्थ विष. आणि आधुनिक काळात तो शब्द रोगजंतूंच्या एका जातीस मिळाल्यावर मराठीने त्यास 'विषाणू' म्हटले. दूर गेलेला भाऊ पुन्हा घरी आला, असेच हे आहे.

परंतु आपण मराठी माणसेही आडून बोलण्यात मागे नाही. बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. नारळ फोडत नाहीत, 'वाढवतात'. सापाला रात्री 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणावयाचे. देवीच्या रोगाला देवीचे नाव देऊन झाले. आणि शेतात? शेतात आपण विष फवारत नाही, 'औषध' मारतो. कपाशीला औषध, तुरीला औषध, उंदराला औषध. दुर्दैवाने कोणी जीव दिला तर गावात कुजबूज होते ती "औषध प्यायला" अशी. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्याच्या 'दोसिस'चे जे झाले, तेच आपल्या 'औषध' या शब्दाचे आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

येथे हा विषय केवळ शब्दकोशाचा राहत नाही. आमच्या वसतिगृहातील निम्म्याहून अधिक मुले शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील आहेत. सुटीत घरी गेल्यावर ती पाठीवर पंप घेऊन फवारणीस जातात, हे आम्हांस ठाऊक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याची कारणे पुष्कळ होती आणि ती शब्दांपुरती नव्हती, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या द्रवाला घरातले सर्वजण औषध म्हणतात, त्याच्यासमोर नाक-तोंड बांधावे, हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करावी, असे मुलाच्या मनात आपोआप येणार नाही. औषधाने बरे वाटते, असेच त्याला लहानपणापासून शिकविले आहे. खोकल्याच्या औषधाला कोणी घाबरते काय?

कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्याने एक चौकोनी खूण छापावी लागते. चौकोन कोपऱ्यावर उभा असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. लाल रंगाच्या डब्यावर कवटीची खूणही असते. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ पुष्कळजण घेतात. तो चूक आहे. सिग्नलवरचा हिरवा आणि डब्यावरचा हिरवा हे 'गिफ्ट' या शब्दासारखेच दिसायला एक आणि अर्थाने दोन आहेत. त्या बाटलीच्या प्रसंगानंतर आम्ही दरवर्षी उन्हाळी सुटीपूर्वी भाषेच्या एका तासाला रिकामा, स्वच्छ केलेला असा डबा नव्हे, तर केवळ त्यावरील कागदाचे मोठे चित्र फळ्यावर लावतो आणि ते मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. भाषेचा तास याहून चांगल्या कामी आला असेल असे आम्हांस वाटत नाही.

भेट आणि विष यांच्या शेजारपणाविषयी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२४ साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच 'गिफ्ट, गिफ्ट' असे आहे. त्यानंतर लगेचच भेटीच्या प्रथेवरील त्याचा प्रसिद्ध प्रदीर्घ निबंध प्रकाशित झाला. मोसचे म्हणणे असे की, प्राचीन जर्मन समाजात एकत्र बसून पेय देणे हा भेटीचा मुख्य प्रकार होता. आणि समोर आलेला प्याला स्नेहाचा आहे की घाताचा, हे घेणाऱ्याला निश्चित कळत नसे. पुढे जाऊन तो सांगतो की, भेट कधीच फुकट नसते. ती देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे ही तिन्ही बंधने असतात. जो परतफेड करू शकत नाही तो देणाऱ्याच्या हाताखाली जातो.

मोसला मराठी येत असते तर त्याचे काम अर्धे झाले असते. आपल्याकडे लग्नात आलेला आहेर वहीत लिहून ठेवतात तो कशासाठी? समोरच्या घरी कार्य निघाले की वही उघडावयाची. अलीकडे वाढदिवसाला 'रिटर्न गिफ्ट' देतात, तेथे तर परतफेडीसाठी मुलांना दोन तासही थांबावे लागत नाही. 'घरचा आहेर' म्हणजे काय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. गुरुजींनी 'प्रसाद' दिला म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या पाठींना ठाऊक आहे. आणि 'देणे' हा शब्दच पाहा : निसर्गाचे देणे म्हणजे वरदान, सावकाराचे देणे म्हणजे कर्ज. ज्यास सर्वांत अधिक 'देणे' आहे तो श्रीमंत की कंगाल, हे वाक्यातील पुढच्या शब्दावाचून सांगता येत नाही.

हा आपला 'दे' युरोपपासून दूर नाही. संस्कृत व पाली यांतील 'दा' धातू आणि ग्रीक 'दोसिस', लॅटिन 'दोनुम' यांतील धातू एकच. त्यामुळे दान, दाता, दत्तक, डोस आणि इंग्रजीतील देणगी व हुंडा या अर्थांचे शब्द, हे सगळे एका मुळाची पाने ठरतात. अनातोलियात साडेतीन हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर लिहिली गेलेली हित्ताइट भाषा याच कुळातली. तिच्यात मात्र हाच धातू 'घेणे' या अर्थी येतो! फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेंव्हेनिस्त याने १९५१ साली यावर लिहिताना असे दाखविले की, देणे आणि घेणे या दोन टोकांचा भेद त्या आदिम धातूत पक्का झालेला नव्हता. दिशा वाक्यावरून ठरे. जर्मानिक 'गिव्ह'चीही हीच गत. प्राचीन आयरिश भाषेत त्याच मुळाचे क्रियापद 'घेतो' असे सांगते.

हे वाचत असताना आम्हांस आमच्याच प्रार्थना सभागृहातील एक शब्द आठवला. पंचशीलातील दुसरे शील आमची मुले रोज सकाळी म्हणतात. त्यातील 'अदिन्नादाना' या शब्दाची फोड अदिन्न आणि आदान अशी आहे : जे दिलेले नाही ते घेणे. 'दिन्न' म्हणजे दिलेले, तो 'दा' धातू. 'आदान' म्हणजे घेणे, तोही 'दा' धातूच, मागे 'आ' लागून दिशा फिरलेला. आणि त्या ओळीच्या शेवटचे 'समादियामि', म्हणजे मी स्वीकारतो, हेही त्याच धातूपासून. एका ओळीत एकच धातू तीनदा येतो आणि प्रत्येक वेळी हात वेगळ्या दिशेने वळतो. चोरी या अर्थाचा सरळ शब्द उपलब्ध असताना 'न दिलेले घेणे' अशी रचना का केली, याचे उत्तर मुलांनी स्वतः द्यावे म्हणून आम्ही ते वर्गात सांगत नाही. एकदा एका मुलाने उत्तर दिले होते : "सापडलेली पेन्सिल चोरलेली नसते, पण दिलेलीही नसते."

भेट आणि विष यांचे नाते पाली वाङ्मयात एके ठिकाणी फार जवळून येते. पावा नगरीत चुंद लोहाराने भगवान बुद्धांस भोजन दिले. त्यात 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ होता. तो वराहमांसाचा की वराहांना आवडणाऱ्या एखाद्या कंदाचा वा अळंब्याचा, याविषयी पूर्वीपासून मतभेद आहेत. एका शब्दाचा अर्थ निसटला की तो परत मिळविणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण. बुद्धांनी तो पदार्थ केवळ स्वतःस वाढण्यास सांगितले आणि उरलेला पुरून टाकण्यास सांगितले. त्या भोजनानंतर त्यांस तीव्र व्याधी झाली. पुढे वाटेत त्यांनी आनंदास सांगितले की, आपल्या अन्नामुळे हे घडले असा पश्चात्ताप चुंदास होईल आणि लोकही त्याला तसे बोलतील. तर त्याची समजूत घालावी. संबोधीपूर्वीचे भोजनदान आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजनदान ही दोन्ही सारखीच श्रेष्ठ फळाची आहेत, असे त्यास कळवावे. घेणाऱ्याने देणाऱ्याचा हेतू पाहिला. पदार्थाचा परिणाम देणाऱ्याच्या नावावर लिहिला नाही. आपल्या जुन्या साहित्याच्या खोक्यांत काय आहे हे ज्यांस ठाऊक नव्हते, त्या आमच्या देणगीदारांविषयीही आम्ही तोच विचार केला आणि त्यांना आभाराचे पत्र धाडले. बाटलीचा उल्लेख त्यात केला नाही.

ती बाटली बरेच दिवस कुलूपबंद कपाटात होती. पुढे अशा रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे ती रीतसर सुपूर्द केली. तोपर्यंत तिच्यावर एक नवा कागद चिकटवलेला होता. तो त्याच विद्यार्थ्याकडून लिहवून घेतला होता. त्याने लाल शाईने, ठळक अक्षरांत, मराठीत 'विष' असे लिहिले, मग थोडा विचार करून खाली लहान अक्षरांत पुस्ती जोडली : "ही भेट नाही."